एकट्या आईची फाईल : कोणता कागद आधी, कोणता नंतर

ओसरी (धागाकर्ती)
एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईला "धीर सोडू नकोस" म्हणणारे ढीगभर भेटतात. तहसीलीत कोणत्या टेबलावर काय द्यायचं, हे सांगणारं माणूस मात्र शोधून सापडत नाही. म्हणून हा धागा. महाराष्ट्रापुरतंच बोलू. आपबीती इथे नको, तिच्यासाठी वेगळे धागे आहेत. इथे फक्त कृती लिहा: अर्ज कुठे, सोबत काय, कुठे अडतं आणि का.

सरकारी खिडकीला बाईची अडचण कळत नाही, कागद कळतो. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा हुकूमनामा. नवऱ्याने नुसतंच टाकलेल्या बाईकडे काहीच नसतं, आणि प्रत्येक योजनेत अडते ती हीच. तिच्याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावं.

विधवेपुरतं मी सांगते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. पुढे गेली की विलंब शुल्क, परवानगी असे फेरे लागतात. नोंदीच्या वेळी फॉर्मवरचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दवाखान्याच्या केसपेपरवर घरातल्या कोणीतरी घाईत "बाळू" सांगितलेलं असतं, आधारवर "बाळासाहेब" असतं, आणि बँक, विमा, पीएफ तिघेही "ही व्यक्ती तीच कशावरून" म्हणून वेगवेगळं प्रतिज्ञापत्र मागतात. दाखल्याच्या दहा तरी सही-शिक्क्याच्या प्रती एकदमच काढा. झेरॉक्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

रानजाई
टाकलेल्या बाईबद्दल. तिला आपला कागद स्वतःच तयार करावा लागतो. रस्ते दोन, आणि दोन्ही एकदम धरता येतात.

पहिला, संरक्षण अधिकारी. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे. महिला व बालविकास खात्याने नेमलेल्या या अधिकाऱ्याकडे जाऊन घरगुती घटनेचा अहवाल भरून घ्यायचा. मारहाणच झालेली असली पाहिजे असं नाही. खर्चाला पैसे न देणं, घरातून काढणं, स्त्रीधन अडकवणं हीदेखील कायद्याने हिंसाच, आर्थिक हिंसा. अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. कलम १२ खाली कोर्टात अर्ज गेला की राहण्याची जागा, खर्च, मुलांचा ताबा हे सगळं त्या एकाच अर्जात मागता येतं.

दुसरा, पोटगीचा अर्ज. पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. बाई आता जिथे राहते तिथल्या कोर्टात तो करता येतो, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. दाखल झाल्या दिवशी केस नंबर मिळतो. अर्जाची प्रमाणित प्रत काढून फाईलला लावा. निकाल लागायला वेळ लागला तरी "प्रकरण न्यायप्रविष्ट" हा पुरावा आजच हातात येतो, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर काम होतं.

वकिलाच्या फीची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका किंवा जिल्हा कोर्टाच्या आवारातच कार्यालय असतं. हेल्पलाइन १५१००.

आणि हो, पोलीस ठाण्यातली एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) म्हणजे पुरावा नव्हे. ती असू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका.

पायवाट
नवरा बेपत्ता असेल तर?

रानजाई
मिसिंगची तक्रार आज द्या आणि प्रत घ्या. ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती अशांना ७ वर्षं काहीच कळलं नाही, तर कोर्ट मृत्यू गृहीत धरू शकतं. पण ते आपोआप होत नाही, दावा लावून ठराव घ्यावा लागतो, आणि ती ७ वर्षं कधी सुरू झाली हे दाखवायला त्या तक्रारीसारखा पुरावा नाही. पाच वर्षांनी दिलेल्या तक्रारीवर आधीच्या काळाबद्दल फार वाद होतात.

काळाकोट
वरच्यात एक भर, आणि ती मोठी आहे. गावात पंच बसतात आणि स्टॅम्पपेपरवर "आम्ही परस्पर संमतीने विभक्त राहत आहोत, एकमेकांवर काही हक्क नाही" असं लिहून दोघांच्या सह्या घेतात. नोटरीचा लाल शिक्काही मारतात. याला सोडचिठ्ठी म्हणा, फारकतनामा म्हणा. एखाद्या समाजाची तशी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, एरवी हिंदू विवाह कायद्याने तो घटस्फोट नव्हे. योजनेच्या टेबलावर तो परत येतो.

त्याहून वाईट पुढे आहे. पती-पत्नी परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला कलम १४४ ची पोटगी मिळत नाही, हे कलमातच लिहिलेलं आहे. म्हणजे त्या कागदाने घटस्फोट तर मिळाला नाहीच, वर पोटगीवर पाणी. मुलांच्या पोटगीला मात्र त्याने धक्का लागत नाही. मुलाचा हक्क आई सही करून सोडू शकत नाही. सही झाली असेल तर निदान मुलांचा अर्ज आजच लावा.

मुस्लिम भगिनींसाठी: १० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ चा मार्ग खुला आहे. "तुमचा कायदा वेगळा" म्हणून कोणी परत पाठवलं तर हे दाखवा.

पायवाट
आणि पोटगीचा आदेश असूनही पैसे येत नसतील तर? हे सगळीकडेच दिसतं.

काळाकोट
वसुलीचा अर्ज द्यायचा. पण इथे एक खड्डा आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच त्या महिन्याच्या थकबाकीसाठी वॉरंट निघतं. "देईल, देईल" म्हणत दोन वर्षं वाट पाहिली की जुनी थकबाकी या रस्त्याने हातची गेली. म्हणून दर सहा महिन्यांनी वसुलीचा अर्ज, न चुकता. न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही.

पैसे रोखीत घेऊ नका, बँक खात्यावरच मागा. पासबुकात जी ओळ नाही ती थकबाकी, इतका साधा हिशेब राहतो. रोख दिल्याचं तो शपथेवर सांगतो आणि मग तारीखवार वाद घालत बसावं लागतं.

रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात. "मला नोकरी नाही" असं तो लिहील हे धरूनच चाला. जुनी पगार स्लिप, गाडीचा नंबर, सातबारा, दुकानाच्या पाटीचा फोटो, जे सापडेल ते आधीच गोळा करा. स्वतःचं उत्पन्नही लपवू नका. शिवणकामाचे चार हजार लपवले आणि ते उघडं पडलं की बाकीच्या खऱ्यावरही विश्वास बसत नाही.

गूळपोळी
योजनांचं एकत्र लिहिते, कारण कोणती कोणाच्या नावे आणि कोणती कोणाबरोबर चालत नाही इथेच गोंधळ होतो.

बालसंगोपन योजना (आताचं नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना): दरमहा प्रत्येक मुलामागे २२५० रुपये, वय १८ पर्यंत. अनाथाश्रमाची योजना समजून बायका हिच्याकडे वळतच नाहीत. एक पालक असलेल्या मुलांनाही ती आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. सोबत मुलाचं आणि आईचं आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, मृत्यूदाखला किंवा कोर्टाचा कागद, पासबुक, आणि आई-मुलं घरासमोर उभी असलेला फोटो. हा फोटो राहतो हमखास. नंतर घरी येऊन चौकशी करतात. आई कामावर आणि दाराला कुलूप, म्हणून अहवाल महिनोन्‌महिने लटकतो. अर्जावर शेजारणीचा मोबाइल नंबरही लिहा आणि "सकाळी ९ च्या आधी किंवा रविवारी घरी" अशी ओळ टाका.

मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्व: महिना ४००० रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत हवं. हे आणि बालसंगोपन दोन्ही एका मुलाला मिळत नाही. उत्पन्न बसत असेल तर अर्थातच हे आधी विचारा.

संजय गांधी निराधार: महिना १५००, बाईच्या नावे. विधवा, घटस्फोटित, घटस्फोटाच्या प्रक्रियेतली आणि परित्यक्ता सगळ्या बसतात. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. परित्यक्तेसाठी तलाठ्याचा दाखला चालतो की आणखी कोणाची सही लागते, ते शाखेत आधी विचारून मगच धावपळ करा. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००. म्हणजे महिन्याला १७५०. चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा यात प्रामाणिकपणे बसत नाही; ही मर्यादा कोणी कशी ठरवली, देव जाणे.

लाडकी बहीण: वय २१ ते ६५, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ही मिळत नाही. संजय गांधी चालू असताना हिचा अर्ज भरून दोन्ही अडचणीत आणू नका.

राष्ट्रीय कुटुंब लाभ: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर एकदाच २०,०००. हाही तहसीललाच. उशीर करू नका.

खडीसाखर
+१. मंजूर होऊनही पैसे का येत नाहीत, याचं नेहमीचं कारण: "आधार बँकेला लिंक आहे" आणि "डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) खातं मॅप आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसा ज्या खात्यात आधार शेवटचं मॅप झालं तिथे जातो. कधीतरी मोबाइल घेताना उघडलेल्या पेमेंट बँकेत तो जमा होत असतो आणि बाई गावच्या बँकेत पासबुक भरून भरून थकते. बँकेत "एनपीसीआय मॅपिंग करून द्या" असंच म्हणायचं. नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं की ते आधीच झालंय सांगून परत पाठवतात.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला दोन महिनेही पुरत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काढा.

सातबारा
शेतीवाल्या घरातल्या विधवांसाठी. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते, तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर. हिंदू वारसा कायद्याने बायको, प्रत्येक मूल (मुलगीसुद्धा) आणि मयताची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. सासूचं नाव लागलं म्हणून भांडू नका, तो तिचा हक्क आहे. भांडण करायचं ते आपलं आणि मुलांचं नाव गाळलं तर.

मूल १८ च्या आतलं असेल तर सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे "अ.पा.क." आणि आईचं नाव लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ती. बघून घ्या. काही ठिकाणी चुलत्याचं किंवा आजोबाचं नाव बिनदिक्कत घातलेलं असतं. फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत द्यायची. तोंडी सांगून आलेल्या हरकतीला किंमत नाही.

दहाव्या-तेराव्याला "सह्या करून टाक, आम्ही आहोतच ना" म्हणत हक्कसोड पुढे येतं. बाई स्वतःचा हिस्सा सोडू शकते, तो तिचा निर्णय, पण वर्षभर तरी करू नये असं माझं ठाम मत. मुलाचा हिस्सा मात्र ती जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू किंवा सोडू शकत नाही (अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ८). परवानगीविना झालेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं. दबाव आला की हेच कलम पुढे करा: "माझी ना नाही, पण कोर्टाची परवानगी लागते." वाईटपणाही येत नाही.

शेतकरी अपघातात गेला, साप चावून किंवा वीज पडूनसुद्धा, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पोस्टमॉर्टेम आणि पंचनामा नसेल तर प्रकरण अडतं. सर्पदंशात "कशाला चिरफाड" म्हणून घरचे नको म्हणतात आणि दोन लाख तिथेच अडकतात.

खडीसाखर
नोकरदार नवऱ्याबद्दल थोडक्यात. पीएफ कापला जात असेल तर तीन वेगळे दावे असतात: जमा रक्कम (फॉर्म २०), पेन्शन (१०-डी) आणि विमा (५-आयएफ). बायका पहिला भरतात आणि बाकीचे दोन राहतात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर विम्याची रक्कम ७ लाखांपर्यंत असू शकते. पेन्शनमध्ये बायकोच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येक मुलाला, एका वेळी दोन मुलांना, वय २५ पर्यंत. मुलांची बँक खाती आधी उघडा, दावा त्यावाचून अडतो.

चिंचगुळ
शाळा. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) खालच्या खासगी शाळांतल्या राखीव २५ टक्के जागांत घटस्फोटित आणि विधवा आईच्या मुलांसाठी कागद वेगळे आहेत: कोर्टाचा निर्णय (प्रकरण चालू असेल तर न्यायप्रविष्ट असल्याचा पुरावा) किंवा मृत्यूदाखला, आणि आईचाच रहिवासी व उत्पन्नाचा पुरावा. बापाचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर नियम दाखवा. अर्ज बाद होतात ते दोन कारणांनी. भाडेकरार नोंदणीकृत नसतो, नुसता नोटरीचा असतो. आणि नकाशावरचा फुगा: सायबर कॅफेवाला अंदाजाने गावाच्या मध्यावर टाकतो, पडताळणीत अंतर जुळत नाही. घरी उभं राहून मोबाइलवर लोकेशन काढा आणि ते आकडे कागदावर लिहून कॅफेत न्या.

माहेरी आल्यावर जुनी शाळा "वडिलांना पाठवा" म्हणत दाखला अडवते. आरटीई कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आधी मूल वर्गात बसवा, दाखला मागाहून.

नाव: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्यात मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. अविवाहित मातेला वडिलांचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्येच तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्या असं सांगितलं आहे. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून एका पालकाचं नाव पुरतं. दुसरा पालक संमती देत नसेल तर परिशिष्ट सी भरायचं, डी नव्हे; उलट भरलं की त्या दिवसाची अपॉइंटमेंट फुकट.

टॉनिक
कागदांच्या धाग्यात जरा वेगळा कागद. एकट्या आईच्या घरी मूल आजारी पडतं तेव्हा औषध देणारं माणूस बदलत राहतं: रात्री आई, दिवसा शेजारीण, संध्याकाळी मावशी. चूक तिथे होते. स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवायचा मजकूर असा:

मुलाचं वजन (दर तीन महिन्यांनी नवं). पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारच्या वर नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. आता बाटली बघा: ५ मिलीत १२० असेल तर साडेसात मिली, ५ मिलीत २५० असेल तर साडेतीन मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, आणि जुनी संपून नवी येते तेव्हा दुकानदार दुसरी देतो. मग "नेहमीसारखं साडेसात" दिलं की डोस दुप्पट. म्हणून कागदावर बाटलीचा जोर लिहाच, आणि खाली एक कोरी चौकट ठेवा: तारीख, वेळ, किती मिली, कोणी दिलं. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेही याच मोजणीत धरायचं. चमच्याने मोजू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसायचं नाही, थेट डॉक्टर. रुग्णवाहिका १०८. त्याच कागदावर रक्तगट, ॲलर्जी आणि शाळेतून मूल आणू शकणाऱ्या दोन माणसांची नावं. त्या दोघांचे फोटो आणि आईच्या सहीचं पत्र शाळेत आधीच देऊन ठेवा.

काळाकोट
एक विषय सगळेच टाळतात. आईचं काही बरंवाईट झालं तर? विधवा हिंदू आई मृत्युपत्राने मुलाचा पालक नेमू शकते (१९५६ च्याच कायद्याचं कलम ९). साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नेमलेल्या माणसाला आधी विचारा, हे सांगावं लागतं. वडील हयात असतील तर हे इतकं सरळ नाही, वकिलाशी बोला. आयुर्विम्यात अज्ञान मूल वारसदार असेल तर नियुक्त व्यक्तीचा (मुलाच्या वतीने रक्कम घेणाऱ्याचा) रकाना कोरा सोडू नका.

पायवाट
शेवटचं एक. टेबलावर अर्ज घेतच नाहीत. "तुमचं बसत नाही" म्हणून तोंडीच परत पाठवतात. मग?

ओसरी
त्या टेबलावर द्यायचाच नाही. प्रत्येक कार्यालयात आवक-जावक असतं. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. आवकवालाही नको म्हणाला तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती फाईलला. अर्जाच्या शेवटी एक ओळ घाला: "अर्ज मंजूर होण्यासारखा नसल्यास कारण लेखी कळवावे." दाखल्यांसारख्या सेवांना लोकसेवा हक्क कायदा २०१५ लागू आहे, मुदत टळली की वर अपील करता येतं. बाकीच्यांसाठी माहिती अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. प्रश्न एकच विचारायचा: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, त्याच्या टिप्पणीची प्रत द्यावी.